डावा हात पाठीमागे

लुव्हेनिया टेटचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर ती लावत नसे. उठली की आधी स्वयंपाकघरातला दिवा, मग कॉफी, मग कालचा मक्याचा पाव लोण्यावर परतून. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक बोळ आहे. तिचा दिवा माझ्या खिडकीत पडायचा आणि माझे पाय जमिनीला लागायचे. मी गवंडी. गवंड्याला इतक्या लवकर उठायची गरज नसते. पण शेजारीण कामाला लागलेली असताना अंथरुणात पडून राहणं मला कधी जमलं नाही.

ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती, इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, एक झटका देऊन सुरकुती काढायची आणि चादर तापलेल्या रोलरच्या तोंडात सरळ सोडायची. तिरकी गेली तर पलीकडे घडी घालणाऱ्या बायकांचं काम दुप्पट होतं. आमच्या बेलफर्ड गावच्या उन्हाळ्यात त्या खोलीत नुसतं उभं राहिलं तरी अंगातून पाणी निथळतं. तिथे तिने सगळं तरुणपण घालवलं. तिची चादर तिरकी गेल्याचं मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी जन्मभर विटा रचल्या. एक थर सरळ जायला काय लागतं ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो.

नवरा ओतकामाच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि पाठोपाठ तोही गेला. मुलगा डॉर्सी तेव्हा चौथीत होता. लोक डबे घेऊन भेटायला आले. तिने डबे ठेवून घेतले, घासून परत केले आणि सोमवारी कामावर गेली.

सुट्टी फक्त रविवारची. आणि रविवारी ती सगळ्यात जास्त उभी असायची.

आमच्या न्यू कनान चर्चच्या सेवेकरी मंडळाची ती प्रमुख. सेवेकरी म्हणजे पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे घालून दारात आणि बाकांच्या रांगांमध्ये उभे राहणारे आम्ही लोक. आलेल्याला जागेवर बसवायचं, कोणाला भरून आलं तर रुमाल द्यायचा, कोणी भान हरपून कोसळलं तर डोकं आपटू द्यायचं नाही. बोलायचं नाही. सगळं हाताच्या खुणांनी. बाहेरच्यांना वाटतं, यात काय कष्ट? त्यांनी आमच्या रेव्हरंड कॅल्डवेलचं पूर्ण प्रवचन एकदा उभ्याने ऐकावं, भिंतीला न टेकता. मग बोलू.

या उभं राहण्याची एक रीत आहे. तिला आम्ही सेवेचा पवित्रा म्हणतो. टाचा जुळलेल्या, पाठ ताठ, उजवा हात मोकळा, आणि डावा हात पाठीमागे, मूठ बंद, कमरेच्या जरा वर. उजवा हात लोकांसाठी, डावा बाजूला ठेवलेला. लुव्हेनिया तालमीच्या दिवशी आमच्या मागून फिरायची.

"ब्रदर एमॉस, हा हात आहे की दोरीवर वाळत घातलेला पायमोजा?"

"दिवसभर विटा उचलल्यात गं."

"मी काय आज गाद्यांवर लोळत होते? मूठ वर. कोपर आत."

मुलांचं मंडळही तिच्याच हाताखाली. डॉर्सीला तिने सातव्या वर्षी उभं केलं. आईचा मुलगा म्हणून सवलत नाही, उलट दुप्पट. हात घसरला की मागून येऊन त्याची मूठ दोन बोटांनी जागेवर बसवायची आणि पुढे जायची. एक शब्द नाही. असं त्याने अठराव्या वर्षापर्यंत केलं. मग तो रविवारी झोपायला लागला. ती बोलली नाही. फक्त चर्चला जाताना घराचं दार जरा जोरात लावायची.

डॉर्सी पुढे शाळेची बस चालवायला लागला. त्या नोकरीचा तिला किती अभिमान होता ते तिने कधी सांगितलं नाही. पण दुपारी कामावरून आली की ती पायरीवर बसायची, आणि बस वळणावर आली की तिचा चेहरा बदलायचा. डॉर्सी हॉर्न वाजवायचा. संध्याकाळी त्याला ऐकून घ्यावं लागायचं.

"कामावर असताना हॉर्न कशाला वाजवतोस?"

"आई, तुला बघून वाजवला."

"बसमध्ये चाळीस पोरं असतात. त्यांना बघ. मी कुठे पळून जात नाही."

आता गारलंड अव्हेन्यूबद्दल. तो रस्ता आम्हा काळ्यांच्या भागातून जातो आणि तिथे पोलिसांची गाडी असते. गोऱ्यांच्या भागात हा रस्ता जातो तिथे दुसऱ्या नावाने जातो आणि तिथे ती क्वचितच असते. आमच्या प्रत्येक घरात मुलांना एक धडा दिला जातो, दात घासायला शिकवतात त्याच वयात. पोलिसाने थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर. विचारल्याशिवाय हलायचं नाही. "सर" म्हणायचं. मीही माझ्या मुलींना दिला. धडा चांगला आहे, पण तो गाडीत बसलेल्या माणसासाठी आहे. गाडीतून बाहेर काढलेल्यासाठी आमच्याकडे धडा नव्हता.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी डॉर्सीला तिथे थांबवलं. वळताना दिवा दाखवला नाही, असं नंतर सांगण्यात आलं. त्याने हात स्टिअरिंगवर ठेवले. "सर" म्हणाला. ब्रँट नावाच्या पोलिसाने त्याला खाली उतरायला सांगितलं. तो उतरला. पुढच्या मिनिटाला तो डांबरावर पालथा होता, त्याचा खांदा निखळला होता आणि ब्रँटचा गुडघा त्याच्या पाठीत होता. आरोप दोन: एक हात लपवून हुकूम मानला नाही, आणि अटकेला विरोध केला.

शाळेने त्याला बसवरून उतरवलं. खटल्याचा निकाल लागेपर्यंत बिनपगारी घरी. निकाल विरुद्ध लागला तर कायमचा घरी, कारण असा गुन्हा नावावर असलेल्या माणसाला मुलांची बस चालवता येत नाही. म्हणजे प्रश्न दंडाचा नव्हता. प्रश्न त्या लायसन्सचा होता.

सरकारने दिलेल्या वकिलाने सौदा आणला. छोटा गुन्हा कबूल करायचा, थोडा दंड, तुरुंग नाही. तो सांगायला डॉर्सी आला तेव्हा मी लुव्हेनियाच्या स्वयंपाकघरात तिचा नळ दुरुस्त करत होतो. हात गळ्यात बांधलेला. खुर्चीत बसला नाही.

"सगळेच कबूल करतात, आई. रस्त्यावरच्या सगळ्यांनी केलंय."

"सगळे बस चालवतात?"

"मी दुसरं काहीतरी करीन. गोदामात लागेन."

"तू हुकूम मोडलास?"

"नाही."

"मग मोडला असं कशाला म्हणायचं?"

"कारण वकिलाला पैसे लागतात! चांगल्या वकिलाला. आणि माझ्याकडे आता एक दमडी येत नाहीये."

"मी रोज पहाटे धुलाईखान्यात जाते ती काय हवा खायला?"

तिची बहीण अलाबामात होती. तिच्याजवळ छोटं घर घ्यायचं, निवृत्त व्हायचं, असं लुव्हेनियाने ठरवलं होतं आणि त्यासाठी पैसे बाजूला टाकले होते. डॉर्सीला ते माहीत होतं. तो काही बोलणार तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"एमॉस, त्या नळाशी लग्न लावतोयस का? आवर. आम्हाला वकिलाकडे सोड."

वकील तिशीतली एक मुलगी होती, मिस गॅदर्स. तिचे आजोबा आमच्याच भागातले. तिने गोड बोलण्यात वेळ घालवला नाही. पोलिसाच्या गाडीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण तिने आमच्यासमोर लावलं. डॉर्सी गाडीतून उतरतो. दाराशी उभा राहतो. आणि त्याचा डावा हात सरळ पाठीमागे जातो.

तिने ते थांबवलं. "हा हात मागे का गेला? ज्युरी हेच विचारणार."

डॉर्सी पडद्याकडे बघत राहिला. "मला माहीतच नाही तो गेला ते."

"हे उत्तर चालणार नाही."

"दुसरं उत्तर नाहीये माझ्याकडे! मी घाबरलो होतो."

लुव्हेनिया म्हणाली, "परत लाव."

परत लावलं. ती खुर्चीतून उठली आणि पडद्याजवळ गेली. चष्मा वर केला. तिसऱ्यांदा बघितलं. मलाही तोपर्यंत दिसलं होतं. टाचा जुळलेल्या. पाठ ताठ. मूठ कमरेच्या जरा वर.

"हा माझा हात आहे," ती म्हणाली.

मिस गॅदर्सला कळलं नाही. लुव्हेनिया तिच्या टेबलासमोर उभी राहिली, चर्चच्या दारात उभी राहते तशी. मी न सांगता तिच्या शेजारी उभा राहिलो. मिस गॅदर्सने आमच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

डॉर्सी हसायला लागला. त्या घटनेनंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं. "म्हणजे आई, तू मला पार लहानपणीच तुरुंगात पाठवून ठेवलं होतंस!"

ती हसली नाही.

घरी जाताना गाडीत तिने चष्मा पुसला. मग म्हणाली, "मी त्याला सरळ उभं राहायला शिकवलं. मार खायला नाही."

"तुझी काय चूक यात?"

"चूक कोणाची ते मला चांगलं माहीत आहे. हात नसता तर खिसा असता. खिसा नसता तर त्याचे डोळे असते. आपल्याला फक्त हा हात कसा आला एवढं सांगता येईल. त्या हाताची भीती का वाटली ते ब्रँटने सांगावं."

मिस गॅदर्सने नेमकं तेच हातात घेतलं. ब्रँटने आधी थांबवलेल्या गाड्यांची चित्रणं तिने कोर्टामार्फत मागवली आणि महिनोन्‌महिने ती बघत बसली. कंटाळवाणं काम, पण तिने नीट केलं. कष्ट कोण करतं आणि कष्टाचा आव कोण आणतं ते मला कळतं. या मुलीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

खटल्याच्या आदल्या दिवशी तिने आम्हाला सक्त ताकीद दिली. सेवेकरी मंडळाने यायला हरकत नाही, पण पांढरे कपडे नकोत, हातमोजे नकोत, फलक नकोत. दिखावा वाटला तर न्यायाधीश बाहेर काढतील आणि ज्युरीचं मन विटेल. लुव्हेनियाने तालमीनंतर सगळ्यांना बजावलं. मदर पिंकनी आमच्यातली सर्वांत वयस्कर, चौऱ्याऐंशीची. तिची तक्रार आलीच.

"माझ्याकडे पांढऱ्याखेरीज बूट नाहीत."

"मग मोजे घालून ये."

"कोर्टात अनवाणी? माझी आई कबरीतून उठेल."

"तिलाही आण. पण साध्या कपड्यांत."

आम्ही तीसेक जण गेलो. ब्राऊन कोट, राखाडी स्वेटर, फुलाफुलांचे झगे. बसस्टॉपवर दिसतात तसे लोक. कोर्टाच्या शिपायाने पुकारा केला, "सगळ्यांनी उभं राहा!" न्यायाधीश आले, मग ज्युरी आली. आठ जण, सहा गोरे, दोन आमच्यातले. आम्ही उभे राहिलो आणि बसलो. हिरव्या स्वेटरची एक गोरी बाई चालता चालता आमच्याकडे जरा जास्त वेळ बघत होती. मला वाटलं, एवढे काळे लोक एकत्र बघून बघत असेल. मी तिच्याबद्दल मनात काय म्हणालो ते लिहीत नाही.

ब्रँट साक्षीला उभा राहिला. तरुण, गुळगुळीत दाढी केलेला. म्हणाला, हात लपवला म्हणजे शस्त्र असू शकतं, आम्हाला तसंच शिकवलं जातं. शांतपणे सांगत होता. ऐकणाऱ्याला पटेल असं.

मग मिस गॅदर्सने दुसरं चित्रण लावलं. तोच रस्ता पुढे गोऱ्यांच्या भागात, तोच ब्रँट, डॉर्सीला थांबवलं त्याच्या आदल्या आठवड्यातला. एक गोरा माणूस गाडीतून उतरतो, दोन्ही हात जाकिटाच्या खिशात, पाय एका जागी ठरत नाहीत. ब्रँट त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. "चला काका, जास्त झालीय तुम्हाला. कोणी न्यायला येईल का?"

"त्याच्या खिशात काय होतं?" मिस गॅदर्सने विचारलं.

"माहीत नाही."

"हात बाहेर काढायला सांगितलंत?"

"नाही."

"का नाही?"

"तशी गरज वाटली नाही."

"का वाटली नाही?"

ब्रँट बोलला नाही. मिस गॅदर्सही बोलली नाही. तिने त्याला घाई केली नाही. ती गप्प राहिली हेही कामच होतं आणि ते तिने चोख केलं. शेवटी न्यायाधीशांनीच विचारलं, "उत्तर देणार आहात का?" तो म्हणाला, "मला सांगता येणार नाही, सर."

नंतर लुव्हेनिया उभी राहिली, आणि तिथे आमचं बिघडलं. तिने सेवेच्या पवित्र्याबद्दल सांगितलं. सरकारी वकील नम्रपणे उठला.

"मिसेस टेट, तुम्ही आरोपीच्या आई. मुलासाठी काहीही कराल ना?"

"काहीही नाही. खोटं बोलणार नाही."

"ही जी रीत आहे, ती मुलाला अटक झाल्यावर आठवली?"

"चित्रण बघितल्यावर."

"वकिलाच्या खोलीत?"

"हो."

"म्हणजे वकिलाच्या खोलीत जाईपर्यंत आरोपीलाही माहीत नव्हतं की आपण हात मागे का घेतला. मग तुम्ही त्याला सांगितलंत."

"मी सांगितलं नाही. मी ओळखलं!"

"फक्त तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

"माझ्या शब्दावर इस्पितळातले आजारी लोक स्वच्छ चादरीवर झोपतात," असं काहीतरी ती ओरडून बोलली. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ज्युरीतला एक माणूस खाली बघायला लागला. मिस गॅदर्सने हळूच मान हलवली आणि लुव्हेनिया गप्प झाली.

जेवणाच्या सुट्टीत ती बाहेरच्या बाकावर बसली. मदर पिंकनीने तळलेल्या कोंबडीचा डबा पुढे केला. तिने हात लावला नाही.

"मी घालवलं त्याचं," ती म्हणाली. "सगळं त्याने नीट केलं आणि मी एका वाक्यात घालवलं."

"खा," मदर पिंकनी म्हणाली. "रिकाम्या पोटी रडलीस तर मी तुला धरणार नाही. माझा गुडघा दुखतोय."

दुपारी परत आत. शिपायाचा पुकारा झाला. न्यायाधीश आले. दार उघडलं आणि ज्युरी आत यायला लागली. पहिली ती हिरव्या स्वेटरची बाई. ती मध्येच थांबली. मागचा माणूस तिच्यावर आदळला आणि तोही थांबला. आठही जण आमच्याकडे बघत होते. मिस गॅदर्सने वळून बघितलं, मग सरकारी वकिलाने.

मला वाटलं, माझ्या पँटीला काही झालं की काय. खाली बघितलं. मग कळलं की माझा डावा हात पाठीमागे आहे. शेजारच्याचाही. पुढच्या बाकावर तीन, त्यांच्यापुढे चार. सगळ्या मुठी कमरेच्या जरा वर. सकाळीही आम्ही असेच उभे राहिलो असणार. आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता. आम्ही उभं राहायला शिकलो तेच असं. दुसरं उभं राहणं आम्हाला येत नाही.

"हे नाटक आहे, युअर ऑनर!" सरकारी वकील ओरडला.

न्यायाधीश म्हातारे, थकलेले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि मदर पिंकनीच्या पांढऱ्या बुटांवर त्यांची नजर थांबली. "बाई, तुम्हाला असं उभं राहायला कोणी सांगितलं?"

मदर पिंकनीने आजूबाजूला बघितलं. "कसं, साहेब?"

"हा तुमचा हात."

तिने मान वळवून स्वतःच्या पाठीकडे बघायचा प्रयत्न केला. "अगंबाई," ती म्हणाली.

ज्युरीत कोणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशांनी हात बाजूला ठेवायचा हुकूम दिला. आम्ही ठेवले. ज्युरीला त्यांनी सांगितलं की प्रेक्षकांकडे लक्ष देऊ नका, फक्त साक्षीपुराव्यावर ठरवा. बरोबरच सांगितलं. पण बघितलेलं डोळ्यांतून कसं पुसायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

दोन्ही वकिलांची भाषणं झाली. ज्युरी विचार करायला आत जाणार म्हणून पुन्हा सगळे उभे राहिलो. या वेळी सांभाळून. मी माझा डावा हात उजव्याने धरून ठेवला होता. ब्रदर ओटिसने कोटाची शिवण पकडली होती. मदर पिंकनीचा हात दोनदा निसटला आणि दोनदा तिने तो पोराला आणावा तसा परत आणला.

डॉर्सी सगळ्यांच्या पुढे, आरोपीच्या टेबलाशी उभा होता. त्याची पाठ आम्हाला दिसत होती. त्याचा डावा हात वर निघाला, मागे गेला. त्याला कळलं. त्याने तो झटकन खाली घेतला. क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग त्याने हात परत मागे नेला. या वेळी सावकाश, ठरवून. मूठ बंद केली आणि कमरेच्या वर टेकवली. ब्रँट तीन हातांवर उभा होता. डॉर्सीने त्याच्याकडे बघितलं नाही. तो समोर बघत होता.

माझ्या पुढच्या बाकावर लुव्हेनिया होती. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "कोपर आत."

त्याने ऐकलं की नाही, माहीत नाही. पण कोपर आत गेलं.

ज्युरीने फार वेळ घेतला नाही. निर्दोष. दोन्ही आरोपांतून. डॉर्सीने टेबलावर डोकं टेकलं आणि मिस गॅदर्सने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्हाला ओरडायची परवानगी नव्हती. मदर पिंकनीने ती घेतली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. ब्रँटला आधी कचेरीत बसवलं, मग तो दुसऱ्या गावाला गेला. तिथे तो काय करतो मला माहीत नाही. ती दोन चित्रणं एकापाठोपाठ नगरसभेत दाखवली गेली, आणि त्या संध्याकाळी सभागृहात आमच्या भागातले लोक भिंतीला लागून उभे होते. नवा नियम झाला. थांबवण्याचं कारण पोलिसाने सगळ्यात आधी मोठ्याने सांगायचं. नुसत्या वळणाच्या दिव्यासाठी कोणाला गाडीतून उतरवायचं नाही. नियम पाळला जातोच असं मी म्हणणार नाही. पण मोडला तर आता तो मोडला असं म्हणता येतं. पूर्वी तेही म्हणता येत नव्हतं.

नवी पोलिसप्रमुख लुव्हेनियाच्या दारात आली. आपल्या पोलिसांसमोर येऊन बोलावं, अशी विनंती घेऊन.

"मला आठवड्यात एक सुट्टी असते आणि त्या दिवशी मी कामावर असते," लुव्हेनिया म्हणाली. "त्यांनाच पाठवा."

त्यांना पाठवलं. रविवारी दहाबारा पोलीस, साध्या कपड्यांत, एका घोळक्याने दारात आले. लुव्हेनियाने पांढऱ्या हातमोज्यातला हात आडवा धरला. घोळक्याने नाही. एकेका बाकावर एकेक. एक दांडगा पोर मागेच घुटमळत होता.

"मॅडम, मी दाराजवळ बसू का? तशी सवय आहे."

"दाराजवळ मी असते," ती म्हणाली, आणि हाताने पुढचा बाक दाखवला.

तो गेला. तिथे मदर पिंकनी होती. तिने त्याला पेपरमिंटची गोळी दिली, त्याच्या आईचं नाव विचारलं आणि प्रवचन सुरू झाल्यावर त्याच्या खांद्यावर झोपी गेली. रेव्हरंड कॅल्डवेलनी त्या दिवशी आखडतं घेतलं नाही. पोरगं शेवटपर्यंत हललं नाही. तिची झोप मोडू नये म्हणून. एकदा बसून माणूस बदलतो असं मला वाटत नाही. पण पुढच्या महिन्यात दुसरी तुकडी आली, आणि आता ती दर महिन्याला येते. लुव्हेनिया त्यांना जागेवर बसवते.

शाळेने मात्र घाई केली नाही. निर्दोष सुटूनही डॉर्सीला परत बोलवायला त्यांनी पुढचा एप्रिल उजाडवला. तोपर्यंत त्याच्या लायसन्सची मुदत संपलेली. नवं काढायचं तर डॉक्टरची तपासणी, पुन्हा परीक्षा, वर फी. त्याने मधल्या काळात गोदामात पोती उचलली होती, पण दुखऱ्या खांद्याने किती उचलणार. मी त्या दोघांना कचेरीत घेऊन गेलो. परीक्षा तो सकाळीच पास झाला होता. खिडकीतल्या बाईने फीचा आकडा सांगितला.

डॉर्सीने पाकीट काढलं.

"ठेव ते," लुव्हेनिया म्हणाली.

"आई, वकिलाचं सगळं तूच भरलंस. हे तरी मला भरू दे."

"बाजूला हो. मागे रांग आहे."

तिने पर्समधून पगाराचं पाकीट काढलं. आदल्याच दिवशी मिळालेलं, अजून न उघडलेलं. एका आठवड्याचं काम. तिने ते खिडकीवर फोडलं, नोटा सरळ केल्या आणि आत सरकवल्या. बाईने पावती दिली. थोड्या वेळाने यंत्रातून लायसन्स बाहेर आलं, अजून गरम. लुव्हेनियाने ते आधी स्वतःच्या हातात घेतलं, नाव वाचलं, मागची बाजू बघितली आणि मग त्याला दिलं.